लांब लहरीच्या उजेडात

१२ मार्च

नवी टॉर्च आली. लांब लहरीची, तीनशे पासष्ट नॅनोमीटरची. तोंडाशी काळी काच आहे. ती जांभळा उजेड अडवते आणि फक्त अतिनील किरण बाहेर सोडते, असं डब्यावर लिहिलंय. डब्यावर काय, काहीही लिहितात.

दुपारी जेवण झाल्यावर आतल्या खोलीच्या खिडकीला गोधडी लावली, दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं आणि दगड मांडले. भूजल खात्यात होतो तेव्हा ज्या ज्या विहिरीवर गेलो तिथून उचलून आणलेले. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोटात पोकळ्या असतात, त्यात हे स्फटिक वाढतात. सुरुंग लागला की बाहेर येतात आणि लोक ते बांधावर फेकून देतात.

आधी जुना छोट्या लहरीचा दिवा लावला, दोनशे चौपन्नचा. त्याखाली कॅल्सेडनी हिरवागार पेटला, कॅल्साइट मात्र मख्ख. मग नवी टॉर्च. आता कॅल्सेडनी जवळजवळ विझला आणि कॅल्साइट गुलाबी झाला. टॉर्च बंद केल्यावरही तो क्षणभर तसाच उजळत राहिला. तीस वर्षं बघतोय, तरी अजून कंटाळा नाही. दगड तोच, दिवा बदलला की गोष्ट वेगळी सांगतो.

बायकोला, ललिताला, बोलावून सांगितलं की शुद्ध कॅल्साइट असा चमकत नाही, त्यात थोडी भेसळ लागते. ती म्हणाली, "मंग तुमी कवा चमकसान?" आणि भांडी घासायला निघून गेली.

एक तक्रार. टॉर्चच्या उजेडात सगळीकडे निळसर पांढरं धुकं दिसतं. गुळगुळीत स्फटिकावरून उजेड परत फिरला की जास्तच. काच भिकार आहे. उद्या विकणाऱ्याला झापणार.

अकोल्याला एका कॉलेजच्या हॉलमध्ये सत्तावीस एप्रिलला आमच्या दगडवेड्या मंडळाचं प्रदर्शन आहे. तपासणी माझ्याकडे. नियमही माझाच: प्रत्येक दगड दोन्ही दिव्यांखाली बघायचा. तुटलेला स्फटिक कोणी गोंदानं बसवला असेल तर साध्या उजेडात कळत नाही, पण लांब लहरीत गोंद निळा-पांढरा उजळतो. तसा सापडला की चिठ्ठीवर 'जोडलेला' लिहायचं. मधल्या टेबलावर अखंड दगडच ठेवायचा. तो मान यंदा पातूरच्या माझ्या दोस्ताच्या, नत्थुजींच्या दगडाला द्यायचा, हे मी मनात पक्कं केलंय.

१५ मार्च

आज फजिती झाली. शेजारच्या वामनरावांनी त्यांच्या देवघरातला एक दगड आणून दिला, वडिलांना वावरात सापडलेला. टॉर्च मारली तर लिंबासारखा पिवळा-हिरवा रसरशीत उजेड! छोट्या लहरीत नव्हे, लांब लहरीत! लगेच पातूरला नत्थुजींना फोन लावला आणि म्हटलं, वऱ्हाडात युरेनियमचं खनिज सापडलं असावं, कोणाजवळ बोलू नका.

तेवढ्यात ललितानं दगडावरून ओलं फडकं फिरवलं. उजेड फडक्यात आला आणि दगड काळाठिक्कर पडला. "हळद व्हय थे," ती म्हणाली. "देवाचा दगड हाय, रोज हळदकुंकू लावत असतीन."

हळद लांब लहरीत अशी चमकते हे मला माहीत होतं. माहीत असून सुचलं नाही, याचा राग जास्त. नत्थुजींना पुन्हा फोन करून सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "सायेब, आता मिरचीत प्लॅटिनम सापडलं तं कळवजा," म्हणाले. दुसरा कोणी असं बोलला असता तर मी फोन आपटला असता.

२२ मार्च

विकणाऱ्यानं टॉर्च बदलून दिली. याही टॉर्चमध्ये धुकं. म्हणजे सगळा मालच तसला. मग दुकानातून वेगळी काच मागवली, चांगल्या कंपनीची. तरी थोडं राहिलंच. खोलीत कूलरचा दमटपणा असतो, त्यामुळे असेल. कूलर बंद करून पाहिलं. घामाघूम झालो, धुकं जागच्या जागी.

ललिताला म्हटलं, बघ. ती बघून म्हणाली, "मले तं काई धुकं दिसत नाही. साफ दिसते. डोळे दाखवा एकदा."

"तुला कशात काय बघायचं तेच कळत नाही," असं मी म्हणालो. पेपर मी अजून चष्म्यानं नीट वाचतो. हल्ली अक्षरं जरा बारीक छापतात एवढंच. छपाईचा दर्जा सगळीकडेच घसरलाय.

३० मार्च

पाडवा. पुरण झालं, झोप झाली.

सकाळी नत्थुजींच्या आशाबाईंचा ललिताला फोन होता. दोघींचं चांगलं जमतं. ललिता सांगत होती, "आशाबाई इचारे का भाऊजीच्या थ्या दिव्यात नुसता दगडच दिसते का दगडाले लागलेलं बी दिसते?"

फार आनंद वाटला. इतक्या वर्षांत वहिनींनी दगडांत कधी रस दाखवला नव्हता. हळदीचा किस्सा ऐकून गोडी लागली असणार. मी त्यांना मोबाइलवर सविस्तर लिहून पाठवलं: गोंद कसा चमकतो, तेल कसं, कपड्याचा साबण कसा, आणि कितीही जुना गोंद असला तरी लपत नाही. दोन फोटोही जोडले.

उत्तर आलं नाही. सणाच्या गडबडीत असतील.

६ एप्रिल

पातूरला जाऊन आलो. जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

आधी दगडाविषयी. नत्थुजींच्या विहिरीची जागा मी दाखवली होती. सुरुंग लावला, कपार फुटली, पाणी आलं आणि त्या कपारीतच हा अपोफिलाइट होता. बुडाशी फिकट गुलाबी स्टिल्बाइट, त्यावर पाण्यासारखे स्वच्छ टोकदार स्फटिक आणि मधला अंगठ्याएवढा. मजूर घण मारणार होता. नत्थुजी स्वतः दोराला धरून खाली उतरले आणि दगड धोतराच्या सोग्यात बांधून वर घेऊन आले. आमची दोस्ती तिथून सुरू झाली. तेव्हापासून तो त्यांच्या काचेच्या कपाटात आहे. पाव्हणा आला की आधी दगड दाखवतात, मग पाणी. आणि सांगतात, "घरात कोनाचा हात लागत नाही याले. बाईले बी सांगून ठेवलं हाय."

आज कपाटात दगड नव्हता. आशाबाईंनी पेटीत कपड्यांखाली ठेवला होता. "धूळ बसते जी," म्हणाल्या. नत्थुजी चिडले आणि स्वतःच काढून आणला. मग वहिनी म्हणाल्या, उन्हाळ्यात दगड हलवू नये. मग म्हणाल्या, चारचौघांत नेला की नजर लागते. मी म्हटलं, वहिनी, दगडाला कसली नजर? त्या ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

मधल्या खोलीत अंधार केला. टॉर्च मारली. खालच्या अर्ध्या भागात निळसर पांढरा उजेड. टॉर्च फिरवली, दगड फिरवला. बुडाशी पसरलेला स्पष्ट उजेड. मी दोनदा, तीनदा पाहिलं आणि मग सांगितलं, "नत्थुजी, बुडाशी गोंद आहे. स्फटिक खालून बसवलेले दिसतात."

वहिनी एकदम बोलल्या, "बुडाशी? बुडाशी काईच नाही, भाऊजी! बुडाशी गोंद लागलाच नाही!"

दगडातलं ज्यांना ओ की ठो कळत नाही त्यांनी इतकं ठासून बोलावं, याचं मला नवल वाटलं. नवऱ्याची बाजू घेतली, दुसरं काय.

मग नत्थुजी म्हणाले, "सायेब, हा दगड मी माह्या हातानं काहाडला. तुमी वर उभे होते. मंग मी खोटा का?"

मी म्हटलं, खोटं कोणी म्हटलं नाही, जोडलेला दगड असला तरी त्यात कमीपणा नाही, फक्त तसं लिहावं लागतं आणि मधलं टेबल मिळणार नाही. हे सगळं मी नियम सांगतात त्या आवाजात बोललो. आता तो आवाज माझा मलाच ऐकू येतोय.

"मंग राहू द्या तुमचं टेबल," ते म्हणाले आणि दगड कपाटात ठेवून कुलूप लावलं. चहा झाला होता, तो कोणी प्यायला नाही.

७ एप्रिल

दिसलं ते सांगितलं. यात माझं चुकलं कुठं?

ललिता म्हणते, चुकलं नाही तर झोप काहून नाही आली?

१४ एप्रिल

जयंती. संध्याकाळी विहारापासून मिरवणूक निघाली. आम्ही दोघं चौकात उभे होतो. रोषणाई मात्र यंदा वाईट. प्रत्येक दिव्याभोवती मोठं कडं आणि त्यातून फाटे फुटलेले. मी म्हटलं, एलईडीचा हलका माल वापरला. ललितानं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

नत्थुजींचा दर वर्षी आजच्या दिवशी सकाळी आठवणीनं फोन येतो, "जयभीम सायेब" म्हणायला. आला नाही. मी केला, त्यांनी उचलला नाही. इतका राग धरायचा माणसानं? मी तर म्हणतो, दोस्ती एकीकडे आणि तपासणी एकीकडे. पण दिवसभर फोन खिशातून काढून बघत होतो, हेही खरं.

२७ एप्रिल

प्रदर्शन झालं. मधल्या टेबलावर मंडळानं दुसराच दगड ठेवला. चांगला होता. मी त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही.

हॉलच्या कोपऱ्यात काळे पडदे लावून मी अंधारखोली केली होती. लोक रांग लावून येत होते. आधी साधा उजेड, मग छोटी लहर, मग लांब लहर. कॅल्साइट गुलाबी झाला की बायका-माणसं सगळे 'आई शप्पथ' म्हणायचे. बरं वाटत होतं.

दुपारी पडद्याची धूळ डाव्या डोळ्यात गेली. डोळा मिटून धरला आणि उजव्या डोळ्यानं टॉर्चखाली पाहिलं, तर धुकं इतकं दाट की दगडच दिसेना. वाटलं, काचेवर काहीतरी सांडलं. मग डावा उघडला आणि उजवा मिटला. धुकं निम्म्यानं कमी. पुन्हा उजवा. पुन्हा दाट.

टॉर्च एक, काच एक, दगड एक. बदलत होता तो फक्त डोळा.

रांगेतल्या लोकांना वाटलं दिव्यात बिघाड झाला. मी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि आत अंधारात खुर्चीवर बसून राहिलो. टॉर्च बदलून घेतली, वेगळी काच मागवली, कूलर बंद केला, छापखान्याला आणि मिरवणुकीला नावं ठेवली. आणि त्या डोळ्यांनी पाहून पातूरला जाऊन निकाल दिला. फार लाज वाटली. आत्ताही वाटतेय.

२८ एप्रिल

अमरावतीत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. मी त्यांना टॉर्चची गोष्ट सांगितली. त्यांना ती फारच आवडली. म्हणाल्या, डोळ्यातलं भिंग जुनं आणि पिवळं झालं की लांब लहरीच्या अतिनील किरणांनी ते स्वतःच उजळतं. म्हणजे धुकं खोलीत नव्हतं, माझ्या डोळ्यात होतं. नत्थुजींच्या दगडाचे पैलू गुळगुळीत. त्यांनी टॉर्चचा उजेड सरळ माझ्या डोळ्यात परत पाठवला आणि मी त्याला गोंद म्हणालो.

वर हेही म्हणाल्या की गोंदासारखा बारीक निळा उजेड अशा डोळ्याला नीट दिसतच नाही. मग छोट्या लहरीचा दिवा मी साध्या डोळ्यांनी वापरतो हे कळल्यावर अर्धा तास रागावल्या. ललिता बाजूला बसून प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

१० मे

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवा चष्मा. लिहू नका म्हणालेत, म्हणून थोडंच.

ललिता डोळ्यात थेंब टाकते आणि गप्प असते. बोलली असती तर बरं झालं असतं.

२१ मे

निळा रंग! मला वाटत होतं बाहेरच्या भिंतीचा रंग राखाडी आहे. तो फिकट निळा आहे. ललिता म्हणाली, "दहा वर्सापासून निळाच हाय."

आज खोलीत अंधार करून टॉर्च लावली, चष्मा घालून. डावा डोळा मिटला. धुकं नाही. काळाभोर अंधार आणि त्यात दगड. माझं बनियनसुद्धा साबणानं निळं लखलखत होतं, ते किती दिवसांनी दिसलं. मी एकटाच हसलो.

मग नत्थुजींना फोन केला. उचलला नाही. त्यांच्या मुलाची, श्यामची, बायको सीमा हिच्या फोनवर निरोप दिला की मी चुकलो होतो आणि हे मला तोंडानं सांगायचं आहे. संध्याकाळी तिचा फोन आला, "या म्हनते बाबा."

१ जून

सकाळच्या बसनं दोघं निघालो, अकोल्याला बस बदलून पातूर. वाटेत मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. प्रत्यक्षात दारातच बोलून मोकळा झालो. "नत्थुजी, गोंद दगडात नव्हता. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता. माझं चुकलं." हातही जोडले.

नत्थुजींनी माझे हात खाली केले. "बसा," म्हणाले. मग, "मले लय लागलं होतं, सायेब. तुमी म्हनलं म्हून लागलं." त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मला डॉक्टरांनी रडायला मनाई केली आहे असं मी सांगितलं आणि ते हसले. एवढ्यावर उठलो असतो तर सगळं गोड झालं असतं.

पण नत्थुजी म्हणाले, "आता नव्या डोळ्यानं पाहा. माह्यासमोर पाहा."

"कशाले पायता आता?" आशाबाई म्हणाल्या. "जेवाचं झालं. पाटोडीची भाजी केली हाय." नत्थुजींनी ऐकलं नाही. मधल्या खोलीचं दार लावलं, खिडकीला चादर लावली, दगड पाटावर ठेवला. आम्ही चौघं आत.

बुडाशी टॉर्च धरली. काळं, स्वच्छ. मी म्हटलं, "पाहा, काही नाही. बुडाशी काही नाही." नत्थुजींनी मोठा श्वास सोडला. मी टॉर्च सावकाश वर नेली, आनंदानं, नुसतं सौंदर्य बघायला. आणि मधल्या मोठ्या स्फटिकाच्या मानेशी केसासारखी बारीक निळी रेघ उजळली. गोल, पूर्ण. गोंद.

मोतीबिंदू नव्हता. धुकं नव्हतं. मी डोळा मिटला, उघडला. रेघ तिथंच.

आयुष्यात मी एकही तपासणी खोटी केली नाही. आज मात्र माझं बोट बटणावर गेलं. नत्थुजी माझ्या बाजूला होते, त्यांना अजून कळलं नव्हतं की काय बघायचं. बंद केली असती टॉर्च तर संपलं असतं.

"बंद नका करू, भाऊजी," अंधारातून आशाबाई म्हणाल्या. "दाखवा त्याहिले."

मग त्याच पुढे झाल्या आणि रेघेवर बोट ठेवलं. "श्यामच्या लग्नाच्या वक्ती कपाट पुसाले काहाडलं. हातातच आला हा तुकडा. तुमी बजारात गेलते. सायकलच्या दुकानातून दोन नळ्यावाला गोंद आनला अन् बसवला. तवापासून पाहून राहिली, कवा कळते."

"मंग सांगतलं काहून नाही?" नत्थुजींनी विचारलं.

"सांगतलं असतं तं लग्न सुदं पार पडू देल्लं असतं का तुमी?"

मला त्या दिवशीचं त्यांचं 'बुडाशी काईच नाही' आता समजलं. बाई खरं तेच बोलल्या होत्या.

"इतके वर्स भेत होती तू मले?" नत्थुजी हळू आवाजात म्हणाले. "एका दगडापाई?"

आशाबाई म्हणाल्या, "दिवाळीले तुमी पाव्हन्याईले दगड दाखवा, तवा माहा जीव घशात येये. अन् भाऊजीसंग बोलनं बंद केलं तुमी, तवापासून तं घास उतरत नाही."

नत्थुजींनी माझ्या हातातली टॉर्च घेतली. दगडाजवळ तोंड नेऊन ती रेघ सगळीकडून पाहिली. फार वेळ पाहत होते. मग म्हणाले, "मस्त बसवला वं. मले कदीच दिसला नाही." आणि आशाबाई मोठ्यानं रडल्या. ललितानं दार उघडलं आणि खोलीत ऊन आलं.

जेवताना दगड पाटावरच राहिला. कोणी कपाटात ठेवला नाही.

परतीच्या बसमध्ये मी ललिताला विचारलं, "तूही माझ्यापासून असं काही लपवलं आहे का?"

ती म्हणाली, "लपवलं काई नाही. सांगनं सोडून देल्लं. डोळ्याचं सालभर सांगतलं, तुमी वसकन अंगावर आले. मंग म्हनलं, जाऊ द्या."

मला फार वाईट वाटलं. आणखी काय काय सांगायचं सोडलं, हे विचारायला मूर्तिजापूर येईपर्यंत धीर झाला नाही. मग विचारलं. ती आधी नको म्हणाली, मग एक सांगितलं, मग दुसरं. मी मध्ये बोललो नाही. अमरावतीला उतरलो तेव्हा तिचं संपलं नव्हतं, म्हणून ऑटो न करता आम्ही पायी घरी आलो.